सायकलीची यात्रा आणि आकाशांतील रुग्णवाहिका

ग्रेट ब्रिटनचा नकाशा समोर धरला तर नैर्ऋत्येस समुद्रांत दूरवर शिरलेली एक निमुळती जीभ दिसते. हा कॉर्नवॉल परगणा. त्याचें अगदीं शेवटचें टोंक ‘लँड्स एंड’, म्हणजे भूमीचा शेवट, या नांवानें ओळखलें जातें. उलट बाजूस, स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावर, ‘जॉन ओग्रोट्स’ हें चिमुकलें खेडें आहे. या दोन टोंकांमधील रस्ता सुमारें ८७४ मैल, म्हणजे चौदाशें किलोमीटरांहून थोडा अधिक, भरतो. उन्हाळा आला कीं हा रस्ता सायकलीवरून पार करणारांची रीघ लागते. त्यांत कसलेले शर्यतवाले थोडेच. बाकीचीं सारीं कारकून, शिक्षिका, दुकानदार, सेवानिवृत्त जोडपीं अशीं साधींसुधीं माणसें असतात. पुष्कळांच्या सदऱ्यावर कोणत्या तरी धर्मादाय संस्थेचें नांव छापलेलें असतें, आणि त्यांत ‘एअर ॲम्ब्युलन्स’चें, म्हणजे हवाई रुग्णवाहिकेचें, नांव वारंवार आढळतें.

ही जोडी प्रथमदर्शनीं विजोड वाटते. सामान्य मनुष्य लांबच्या प्रवासांत ताशीं पंधरा-वीस किलोमीटरांच्या गतीनें सायकल हांकतो. हेलिकॉप्टर ताशीं अडीचशें किलोमीटर जातें. पहिल्यानें दुसऱ्यास उडवावें, हें कसें? त्याहूनही विचारांत पाडणारी गोष्ट ही कीं, हा देश गरीब नाहीं. तेथें ५ जुलै १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्यसेवा चालू आहे; डॉक्टर, रुग्णालय व शस्त्रक्रिया यांचा खर्च सरकारी तिजोरींतून होतो. अशा देशांत मरणाच्या दारीं पडलेल्या मनुष्याकडे डॉक्टर पोंचविणारें यंत्र मात्र लोकांच्या देणगीवर चालावें, आणि त्या देणगीसाठीं कोणी चौदाशें किलोमीटर पाय झिजवावेत, याचें इंगित काय? तें समजून घ्यावयाचें तर प्रथम या हेलिकॉप्टराची कुळकथा पाहिली पाहिजे.

हेलिकॉप्टरानें जखमी मनुष्यास उचलून आणण्याचा पहिला प्रयोग झाला तो हिंदुस्थानच्या वेशीवर. १९४४ च्या एप्रिल महिन्यांत ब्रह्मदेशाच्या जंगलांत, जपानी फळीच्या मागें, एक लहान विमान उतरलें व तेथेंच अडकून पडलें. त्यांत अमेरिकन वैमानिक व तीन घायाळ ब्रिटिश शिपाई होते. आसामांतील लालाघाटच्या धांवपट्टीवरून कार्टर हारमन नांवाचा तरुण अधिकारी सिकॉर्स्की कारखान्याचें एक हेलिकॉप्टर घेऊन निघाला. त्या यंत्रांत वैमानिकाखेरीज एकाच माणसापुरती जागा होती, आणि उष्ण हवेंत त्याचें इंजिन वारंवार दमे. तरी हारमननें एकेक करून चौघांनाही बाहेर काढलें. पुढें १९५० ते १९५३ च्या कोरियन युद्धांत हजारों जखमी असे उचलले गेले. रणांगणावर साधलें तें हमरस्त्यावर कां साधूं नये, हा विचार मग शांततेच्या काळांत आला. १९७० मध्यें अमेरिकेंत मेरीलँड राज्याच्या पोलिसांनीं व जर्मनींत म्युनिक शहरीं अशा नागरी सेवा सुरू झाल्या. मेरीलँडमधील शल्यवैद्य डॉ. ॲडम्स काउली यांनीं ‘सुवर्ण घटका’ ही कल्पना लोकांपुढें मांडली. जबर दुखापत झाल्यानंतरचा पहिला तास सोन्याच्या मोलाचा, असा तिचा आशय. घड्याळांतील साठावें मिनिट म्हणजे कांहीं लक्ष्मणरेषा नव्हे, हें आज वैद्यकशास्त्र मान्य करतें. परंतु रक्त वाहत असतां व श्वास कोंडत असतां प्रत्येक मिनिटाला किंमत आहे, या मूळ सिद्धांतास कोणाचा विरोध नाहीं.

ब्रिटनमध्यें ही सेवा प्रथम सुरू झाली ती १ एप्रिल १९८७ रोजीं, आणि तीही कॉर्नवॉलमध्यें, म्हणजे सायकलस्वारांची यात्रा जेथून निघते त्याच मुलखांत. याला भूगोल कारण आहे. परगणा लांबट व चिंचोळा. रस्ते अरुंद व दोहों अंगांना उंच कुंपणांचे. उन्हाळ्यांत प्रवाशांची झुंबड. मोठ्या मोटार-रस्त्याचा फांटा शेजारच्या डेव्हन परगण्यांत एक्सेटरपाशीं संपतो. अंगावर अनेक गंभीर जखमा असलेल्या रोग्यास ज्या रुग्णालयांत न्यावें लागतें, तें डेरिफर्डचें रुग्णालय प्लिमथ शहरीं आहे. लँड्स एंडपासून तेथपर्यंत रस्त्यानें सुमारें एकशें चाळीस किलोमीटर होतात. मोटारीनें जेथें दोन तास सहज मोडतात, तेथें हेलिकॉप्टरास अर्धा तास पुरतो. याशिवाय टोंकापलीकडे समुद्रांत पंचेचाळीस किलोमीटरांवर सिली बेटें आहेत. त्यांचीही जबाबदारी याच सेवेवर.

भूगोलाप्रमाणें लोकस्वभावाचाही येथें वाटा आहे. समुद्रांत सांपडलेल्या खलाशांस सोडविणारी जीवरक्षक नौकांची राष्ट्रीय संस्था ब्रिटनमध्यें १८२४ सालापासून आहे, आणि ती आजही मुख्यतः देणग्यांवर व स्वयंसेवकांवर चालते. १९ डिसेंबर १९८१ च्या रात्रीं लँड्स एंडजवळील माउझल या कोळ्यांच्या गांवांतील आठ स्वयंसेवक ‘युनियन स्टार’ या जहाजावरील आठ जणांस वांचविण्यासाठीं प्रचंड वादळांत ‘सॉलोमन ब्राउन’ ही नौका घेऊन गेले. नौदलाच्या हेलिकॉप्टरानें प्रयत्न केले, पण वाऱ्यापुढें त्याचा इलाज चालला नाहीं. त्या रात्रीं जहाजावरचे व नौकेवरचे मिळून सोळाही जीव गेले. ज्या किनाऱ्यानें असे दिवस पाहिले, त्याला दुसऱ्याच्या प्राणांसाठीं आपण कांहीं द्यावें लागतें हें शिकविण्याची गरज राहिली नाहीं.

येथें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. बुडत्यास किंवा कड्यावर अडकलेल्यास दोरानें वर ओढून घेणारीं हेलिकॉप्टरें वेगळीं. तीं पूर्वीं मुख्यतः नौदल व वायुदल चालवीत असे. २०१५-१६ पासून तें काम किनारारक्षक खात्याच्या वतीनें एक कंपनी करते, आणि त्याचा खर्च सरकार सोसतें. हवाई रुग्णवाहिकेचें काम निराळें आहे. नुसता रोगी रुग्णालयांत नेणें एवढाच तिचा हेतु नसून रुग्णालयच रोग्याकडे नेणें हा तिचा मुख्य हेतु आहे. लंडनच्या हवाई रुग्णवाहिकेची सेवा १९८९ मध्यें सुरू झाली. तिच्या डॉक्टरांनीं १९९३ मध्यें रस्त्याच्या कडेला रोग्याची छाती उघडून हृदयावर शस्त्रक्रिया केली व तो रोगी जगला. २०१२ पासून तीच सेवा अपघातस्थळीं रक्त देऊं लागली; ब्रिटनमध्यें असें करणारी ती पहिली. पुष्कळदां डॉक्टर हेलिकॉप्टरानें येतो, आणि रोगी त्याच्यासह साध्या मोटारीनें रुग्णालयांत जातो.

आतां पैशाचा प्रश्न. हेलिकॉप्टर म्हटलें कीं इंधनाचा धूर डोळ्यांपुढें येतो. पण खर्चाचा मोठा भाग इंधनाचा नसतो. यंत्राची किंमत किंवा भाडें, ठराविक तासांनंतर सुटे भाग बदलण्याची सक्तीची दुरुस्ती, विमा, तळावरील इमारत, वैमानिक, यंत्रज्ञ व वैद्यकीय सहायक यांचे पगार आणि अखंड शिक्षण, हीं सारीं ओझीं हेलिकॉप्टर उडो वा न उडो, डोक्यावर असतातच. आगीच्या बंबाचें उदाहरण घ्यावें. तो एखाद्या दिवशीं दोन तास पाणी मारतो. उरलेले दिवस सज्ज होऊन उभा असतो. गांव खरा खर्च करतें तो त्या उभें राहण्यावर. हेलिकॉप्टराचेंही तसेंच आहे. त्याचें सर्वांत महाग काम म्हणजे वाट पाहणें.

आणि वाट पाहण्याचें बिल कोणाच्या नांवें लिहावयाचें? ज्याच्यासाठीं तें उडालें त्याच्याकडून वर्षभराच्या सज्जतेचा खर्च वसूल करूं म्हटलें तर सामान्य कुटुंब धुळीस मिळेल. म्हणून ज्याला आज गरज नाहीं त्यानेंच तो भार उचलला पाहिजे. याचे मार्ग दोनच: कर किंवा दान. वेल्समध्यें २००१ पासून व उत्तर आयर्लंडमध्यें २०१७ पासून ही सेवा आहे. या दोन्हीं ठिकाणीं व इंग्लंडमध्येंही दुसरा मार्ग पत्करला गेला. बऱ्याच ठिकाणीं वैद्यकीय मंडळींच्या वेतनाचा कांहीं भाग राष्ट्रीय आरोग्यसेवा उचलते. परंतु हेलिकॉप्टराचा संसार धर्मादाय संस्थाच चालवितात. त्यांचें उत्पन्न अनेक झऱ्यांचें असतें. आठवड्यास एक-दोन पौंडांची सोडत, मृत्युपत्रांत ठेवलेल्या देणग्या, जुने कपडे व पुस्तकें विकणारीं दुकानें, शाळांतील जत्रा, आणि सायकलीच्या यात्रा.

अशा यात्रेचा व्यवहार समजण्यास सोपा आहे. स्वार आपला संकल्प जाहीर करतो व आप्त, शेजारी, कचेरींतील सहकारी यांच्याकडून वचनें घेतो. कोणी मैलामागें कांहीं पेनी देतो, कोणी ठोक रक्कम. देणारा कर भरीत असेल तर ‘गिफ्ट एड’ या तरतुदीनें त्याच्या प्रत्येक पौंडामागें सरकार पंचवीस पेन्स संस्थेच्या पदरांत घालतें. प्रवासाचा खर्च स्वतःच्या खिशांतून करून जमलेला सारा निधि संस्थेस देणें, ही चोख रीत समजली जाते.

यात्रेची परंपराही जुनी आहे. कॅननबरीच्या सायकल-मंडळांतील दोघांनीं १८८० मध्यें, पुढचें चाक भलें मोठें व मागचें इवलेंसें अशा त्या काळच्या सायकलींवरून, हा प्रवास तेरा दिवसांत केला. १८८६ मध्यें जॉर्ज पिल्किंग्टन मिल्स या एकोणीस वर्षांच्या पोरानें तशाच वाहनावर तो पांच दिवस व पावणेदोन तासांत उरकला. २०१८ मध्यें मायकेल ब्रॉडविथ यानें ४३ तास २५ मिनिटांत हा रस्ता संपविला. परोपकारासाठीं या रस्त्यावर उतरणारांत क्रिकेटच्या शौकिनांस परिचित असलेलें नांव इयन बोथम याचें. १९८५ मध्यें तो उत्तर टोंकापासून दक्षिण टोंकापर्यंत पायीं चालत आला, आणि रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठीं त्यानें मोठा निधि उभा केला.

सामान्य स्वारास हा पल्ला दहा ते चौदा दिवसांचा पडतो; म्हणजे रोज शंभर ते एकशें चाळीस किलोमीटर. वारा बहुधा नैर्ऋत्येकडून वाहतो, म्हणून बहुतेक जण दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात. तेवढीच पाठीवर थाप. पहिले दोन दिवसच सर्वांत कठीण, ही नवख्यांस न समजणारी गोष्ट. कॉर्नवॉल व डेव्हनच्या टेकड्या उंच नाहींत, पण चढ उभे आणि एकामागून एक. एक चढ संपून श्वास घ्यावा तों उतार, आणि उताराच्या तळाशीं दुसरा चढ तयार. पुढें सेव्हर्न नदीवरील १९६६ चा टांगता पूल, वेल्सच्या सीमेवरील दऱ्या, लँकेशायरचीं गिरण्यांचीं गांवें, शॅपचा उघडा माळ, ग्रेटना येथें स्कॉटलंडची वेस, ग्लेनकोच्या काळ्या डोंगरांमधील वाट, लॉक नेस सरोवराचा कांठ, आणि शेवटीं बेरीडेलचा छाती फोडणारा चढ. तोंपर्यंत तळहात बधिर झालेले असतात, गुडघे कुरकुरत असतात, आणि खोगीर म्हणजे रोजचें प्रायश्चित्त होऊन बसलेलें असतें. पाऊस तर सोबतीलाच असतो.

यावर व्यवहारी माणसाचा आक्षेप ठरलेला आहे. एवढे कष्ट कशाला? सरळ पैसे द्यावेत आणि घरीं बसावें. हिशेबानें आक्षेप बरोबर आहे, मनुष्यस्वभावानें नाहीं. नुसती पावती-पुस्तकें घेऊन दारीं येणाऱ्याला गृहस्थ ‘पुढच्या महिन्यांत या’ असें सांगतो. पण रोजच्या ओळखीचा मनुष्य पंधरा दिवसांची रजा खर्चून, ऊन-पाऊस अंगावर घेऊन, दुसऱ्यासाठीं कांहीं करूं लागला म्हणजे त्याला विन्मुख पाठविण्याची लाज वाटते. आधीं स्वतः कांहीं झिजविलें म्हणजे मागण्याचा हक्क प्राप्त होतो. पंढरीच्या वारकऱ्याला रस्त्यावरचा शेतकरी भाकरी देतो, तो त्याच्या भुकेइतकाच त्याच्या चालण्यालाही देत असतो. शिवाय यांतल्या कित्येक स्वारांच्या घरीं कोणी तरी या हेलिकॉप्टरानें वांचलेलें असतें, किंवा तें वेळेवर येऊनही वांचलेलें नसतें. अशांच्या दृष्टीनें ही यात्रा ऋण फेडण्याची असते. आणि ज्या पांच-पन्नास घरांतून वर्गणी आली, त्या घरांना तें यंत्र आपलें वाटूं लागतें. डोक्यावरून तें घरघरत गेलें कीं मुलें म्हणतात, “आपलें हेलिकॉप्टर चाललें.” पुढच्या वर्षाची देणगी या ‘आपलें’ शब्दांतून येते.

लोकांनीं मनावर घेतलें तर केवढें काम होतें, याचें उदाहरण लंडनचेंच आहे. जुनीं हेलिकॉप्टरें निवृत्त करण्याची वेळ आली तेव्हां तेथील संस्थेनें २०२२ मध्यें दीड कोटी पौंडांचें आवाहन केलें, आणि २०२४ मध्यें दोन नवीं हेलिकॉप्टरें सेवेंत दाखल झालीं.

तथापि नाण्याची दुसरी बाजू झांकून ठेवणें बरें नव्हे. दान हें मनाच्या लहरीवर आणि खिशाच्या खोलीवर अवलंबून असतें. जेथें वस्ती दाट व श्रीमंत, तेथें निधि लवकर जमतो. जेथें माणूस विरळ व मिळकत तुटपुंजी, तेथें अंतरें मोठीं असल्यामुळें गरज अधिक, आणि झोळी मात्र हलकी. २०२० मध्यें महामारीनें यात्रा, जत्रा व दुकानें एकदम बंद पाडलीं. अपघात व हृदयविकार मात्र कोणाची टाळेबंदी मानीत नव्हते. एखाद्याचा जीव शेजाऱ्यांच्या औदार्यावर टांगलेला असावा काय, हा प्रश्न म्हणूनच ब्रिटनमध्यें पुन्हां पुन्हां विचारला जातो.

मौज अशी कीं, त्याचें दुसरें उत्तर याच रस्त्याच्या उत्तरार्धांत आहे. सायकलस्वार ग्रेटना ओलांडून स्कॉटलंडांत शिरला कीं डोक्यावरच्या हेलिकॉप्टराचा धनी बदलतो. तेथें ग्लासगो व इन्व्हर्नेस येथील दोन हवाई रुग्णवाहिका सरकारी खर्चानें चालतात. विरळ वस्तीचे डोंगर व बेटें दानाच्या भरंवशावर सोडतां येत नाहींत, हें तेथील राज्यकर्त्यांनीं ओळखलें. परंतु तेवढेंही पुरेना, म्हणून २०१३ मध्यें पर्थ येथें धर्मादाय संस्थेचें एक हेलिकॉप्टर आलें, आणि २०२० मध्यें ॲबर्डीन येथें दुसरें. म्हणजे करानें पाया घातला, आणि दानानें वर मजला चढविला. तिसरी तऱ्हा स्वित्झर्लंडची. तेथील ‘रेगा’ ही संस्था १९५२ मध्यें स्थापन झाली. तिला सरकारी अनुदान नाहीं. १९६६ पासून ती वार्षिक वर्गणीदारांवर उभी आहे, आणि आज त्या देशांतील दर तीन माणसांमागें एकाहून अधिक तिचा वर्गणीदार आहे. हें दान खरें, पण पावसासारखें अवचित पडणारें नव्हे; पाटाच्या पाण्यासारखें बांधून घेतलेलें.

हिंदुस्थानांत हा विचार आतां दूरचा राहिलेला नाहीं. महाराष्ट्रांत २०१४ मध्यें १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका-सेवा ९३७ गाड्यांनिशीं सुरू झाली. ती सरकारी खर्चानें चालते व रोग्यास मोफत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्यें ऋषिकेश येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत ‘संजीवनी’ ही हेलिकॉप्टरची रुग्णसेवा सुरू झाली. मे २०२५ मध्यें तिचें हेलिकॉप्टर केदारनाथ येथें उतरतांना अपघातांत सांपडलें. सुदैवानें आंतील सर्व जण वांचले. यंत्र विकत घेणें ही केवळ सुरुवात असते, त्याची अखंड सज्जता हेंच खरें काम, ही गोष्ट अशा प्रसंगीं उघड होते.

म्हणून लँड्स एंडच्या सायकलस्वाराकडे पाहतांना त्याच्या घामाचें कौतुक तर करावेंच, पण तो कशासाठीं घाम गाळतो तेंही लक्षांत घ्यावें. हेलिकॉप्टराचें उड्डाण सर्वांस दिसतें. त्याचा मोबदला द्यावयास कृतज्ञ माणसें पुष्कळ मिळतात. तळावर शांतपणें उभ्या असलेल्या यंत्राचें, घड्याळाकडे पाहत बसलेल्या वैमानिकाचें, रोज तपासून पुन्हां जागेवर ठेवलेल्या रक्ताच्या पिशवीचें मोल कोणाला दिसत नाहीं. तें मोल करांतून द्यावें कीं वर्गणींतून, यावर देशोदेशीं मतभेद राहतील. पण तें आगाऊ द्यावें लागतें, आणि ज्याच्यावर प्रसंग आलेला नाहीं त्यालाच द्यावें लागतें, यांत मतभेदास जागा नाहीं.